रतनसांची औषधं

रतनसा नटले, की कारंज्याचा बाजार हळू आवाजात बोलायला लागायचा.

इतर माणसं आनंद झाला की ठेवणीतले कपडे काढतात. रतनसांचं उलटं. जीव जितका उतरलेला, तितका पोशाख चढता. साधी टोपी, धोतर आणि सदरा, म्हणजे तब्येत झकास. खांद्यावर जरीकाठी उपरणं आलं, की समजावं, सकाळपासून स्वारी जरा खट्टू आहे. कोशाचा फेटा आणि कानात अत्तराचा फाया, म्हणजे प्रकरण गंभीर. आणि ज्या दिवशी फेटा, अत्तर, चांदीच्या बटणांचा लांब कोट, करकर वाजणारे जोडे आणि आभाळात एक ढग नसताना हातात काळी छत्री, असा सगळा सरंजाम दारव्हा वेशीकडून निघे, त्या दिवशी दुकानदार एकमेकांना सांगत, "छत्री निघाली बाप्पा! आज शेठसंगं घासाघीस करू नोका."

रतनसा जैन, आणि त्यांचं कापडाचं दुकान होतं. दुकानामागे चौक, चौकाच्या एका बाजूला त्यांचं राहणं आणि दुसऱ्या बाजूला लाकडी जिन्याची माडी. त्या माडीत मी भाडेकरू होतो. मी मूळचा रिसोडजवळच्या रिठदचा. कारंज्याच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हा चोविशी-पंचविशीचा असेन. लग्न नुकतंच झालेलं, पण बायको अजून गावाकडेच. रोज शाळा सुटली की ओट्यावर येऊन बसायचो आणि रस्त्यावरून रिठदच्या दिशेने जाणारी एखादी तरी बैलगाडी दिसते का ते बघायचो. कारंज्याहून रिठदला कोण कशाला जाईल? तरी बघायचो.

एकदा असाच बसलो असताना रतनसा समोर येऊन उभे राहिले. साधी टोपी होती, म्हणजे धोका नव्हता.

"मास्तर, काहून तोंड पाडून बसले?"

"काही नाही, शेठजी."

"काही नाही म्हन्जे लय हाय," ते म्हणाले आणि शेजारी टेकले. हे त्यांचं आवडतं वाक्य. कुणी पोटात दुखतंय म्हणालं तर ते ओवा देत आणि विसरून जात. पण कुणी 'काही नाही' म्हणालं, की त्यांचे कान टवकारत. "उठा. उदासी पावन्यासारखी असते. तिले बसाले पाट देल्ला, की ते जेवाले थांबते. जेवली की मुक्काम ठोकते. उभ्या उभ्याच बोळवाव लागते तिले."

मी त्यांना विचारलं, तुम्ही एवढे नटता ते काय म्हणून?

"मळके कपडे घालून बसलं तं तिले वाट्टे, हे घर आपलंच हाय," रतनसा म्हणाले. "झकपक कपडे पाह्यले की भेते. म्हन्ते, चुकून सायबाच्या बंगल्यात आलो वाट्टे."

अशा रीतीने मी त्यांचा रोगी झालो. त्यांच्यापाशी औषधं पुष्कळ होती. सगळी स्वतःवर वापरून पाहिलेली.

पोशाख हे मुख्य औषध. त्याचा गुण मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. एका उन्हाळ्यात छत्रीसकट सगळा सरंजाम करून ते स्टेशनावर गाडी बघायला गेले होते. आमची गाडी छोटी. धावण्यापेक्षा धापा जास्त टाकायची. त्या दिवशी तिच्यातून यवतमाळकडची एक वरात उतरली. मुलीकडचे लोक घ्यायला यायचे होते, ते वेळेवर पोचले नव्हते. नवऱ्याच्या बापाने इकडेतिकडे पाहिलं, तर फलाटावर फेटा, कोट आणि छत्री अशी एकच मूर्ती उभी. त्याने धावत येऊन मिठीच मारली. "व्याही, लय तरास घेतला!" रतनसा काय बोलणार? त्यांनी उलट मिठी मारली. मग सगळी वरात मागे आणि छत्री उघडून रतनसा पुढे, अशी मिरवणूक बाजारातून निघाली. त्या दिवशी गावात एकच लग्न होतं, म्हणून घर चुकलं नाही. तिथे मुलीकडच्यांना वाटलं, हे नवऱ्याकडचं कुणी बडं प्रस्थ. दोन्हीकडून मान मिळाला. दुपारी कपाळाला कुंकू, गळ्यात हार आणि तोंडभर हसू घेऊन रतनसा परतले.

"कोनाचं लग्न होतं, शेठजी?" मी विचारलं.

"काय मालूम! पन मांडव बेस होता. भाजीत कांदा होता म्हून नाही खाल्ली. जिलबी खाल्ली." आणि कोट काढून खुंटीला अडकवत म्हणाले, "आता बरं वाट्टे."

दुसरं औषध भांडण. त्यासाठी त्यांनी माणूस ठरवलेला होता. दुकानासमोर करीमभाई मनियार यांचं बांगड्यांचं दुकान. दोघं बालपणीचे दोस्त. दोघांची लग्नं एकाच वर्षी झालेली, आणि दोन्ही लग्नांत भाड्याचा घोडाही एकच होता. त्यातल्या एका लग्नात तो उधळला आणि नवरदेवाला घेऊन थेट तळ्यात शिरला. कुणाच्या लग्नात, हा वाद. एखाद्याला वाटेल, दोघंही म्हणत असतील की तुझ्या लग्नात. छे! प्रत्येकाचं म्हणणं, घोडा माझ्या लग्नात उधळला.

"अबे, मी भिजलो होतो!" करीमभाई गल्ल्यावरून ओरडत.

"तू भिजला होता ते घामानं! घोड्याले पाहून!" रतनसा इकडून.

"माझी शेरवानी खराब झाली होती, याद है?"

"ते बिर्याणीनं!"

गिऱ्हाइकं हातातल्या बांगड्या हातात ठेवून ऐकत राहत. भांडण चांगलं रंगलं की करीमभाई तिकडून पान पाठवत, तो समेटाचा इशारा. पुष्कळदा मला शंका येई की औषध नेमकं कोण घेतंय. कारण काही वेळा रतनसा मजेत असत आणि करीमभाईच सकाळी सकाळी गल्ल्यावरून हाक मारत, "रतन, ओ रतन! वो घोडे का क्या हुआ बे?" आणि रतनसा हातातला कापड मोजायचा गज खाली ठेवून, बाह्या सरसावून उभे राहत.

तिसरं औषध मी स्वतः घेतलेलं आहे. मोसम संपल्यावर कापसाचे जिन, म्हणजे सरकी काढायचे कारखाने, बंद पडत. मोठमोठी आवारं रिकामी. रतनसा मला एकदा तिथे घेऊन गेले आणि म्हणाले, "मास्तर, बोंबला."

"म्हणजे?"

"म्हन्जे बोंबला. मास्तर लोकाईले सांगाव लागते काय?"

त्यांनी स्वतः सुरुवात केली. दोन्ही हात तोंडाशी धरून अशी आरोळी ठोकली की जिनाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. मग मी. माझी आरोळी आधी वर्गात हजेरी घेतल्यासारखी निघाली. दुसऱ्यांदा जरा बरी. तेवढ्यात पहारेकरी काठी घेऊन धावत आला. रतनसांनी त्याला सगळं समजावून सांगितलं. तो बिचारा काठीवर हनुवटी टेकून थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने काठी भिंतीला लावली आणि आमच्या दोघांपेक्षा मोठ्याने बोंबलला. त्याला काय झालं होतं ते आम्ही विचारलं नाही. निघताना त्याने मात्र विचारलं, "उद्या येता काय जी?"

आता इतक्या वर्षांनी हे लिहिताना हसू येतं. पण मला गुण आला होता, हे खरं. पुढे वर्षभराने यशोदा, म्हणजे माझी बायको, रिठदहून आली. माडीवर चूल मांडली गेली, जातं फिरू लागलं, आणि माझ्या 'काही नाही' मध्ये खरोखरच काही उरलं नाही. रतनसांनी मला रोग्यांच्या यादीतून काढून टाकलं. यशोदेला ते 'मास्तरीनबाई' म्हणत, तेही तिच्याशी नाही, माझ्याशी बोलताना. तो काळच तसा होता. घरात रतनसांचं म्हणून कुणी नव्हतं. बायको फार पूर्वी तापाच्या साथीत गेलेली. एक म्हातारी सैपाकीण येऊन दिवस मावळायच्या आत रांधून जाई. चौकात यशोदा सूनबाईसारखी वावरू लागली, तशी रतनसा खाकरून येत, खाली पाहून जात, आणि सणाला माझ्या हाती खणाचं कापड देऊन म्हणत, "दुकानात पडून होतं."

पावसाळ्याच्या शेवटी आम्हाला मुलगी झाली आणि बारशाआधीच गेली.

कशाने गेली ते वैद्यालाही नीट सांगता आलं नाही. यशोदा रडली नाही. तिची आई येऊन राहून गेली. जाताना म्हणाली, "इसर आता. देव देईन आनखी." शेजारणी आल्या, त्याही तेच म्हणाल्या. यशोदा सगळ्यांना मान हलवून हो म्हणाली. ती सैपाक करी, भांडी घाशी, माझं धोतर वाळत घाली. आणि मग भिंतीला टेकून बसे. मी काही विचारलं की म्हणे, "काही नाही." मी शाळेत मुलांना कविता शिकवीत असे आणि घरी येऊन मला एक वाक्य सुचत नसे.

रतनसांनी आठेक दिवस काही विचारलं नाही. मग एका सकाळी मला जिन्याखाली गाठलं.

"मास्तर, वरचं जातं फिरून नाही राह्यलं."

"पीठ बाहेरून दळून आणतो."

"मास्तरीनबाई काय म्हन्तात?"

"काही नाही म्हणते."

रतनसांनी दीर्घ श्वास घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर मी एखाद्या हकिमासारखा निश्चय पाहिला.

पण मास्तरीनबाईशी थेट बोलायची सोय नाही. मग औषध द्यायचं कसं? पहिला प्रयोग त्याच दिवशी झाला. करीमभाईंना चौकात बोलावण्यात आलं, माडीच्या खिडकीखाली उभं करण्यात आलं, आणि घोड्याचं भांडण सुरू झालं. वर ऐकू जावं म्हणून दोघंही खिडकीकडे तोंड करून भांडत होते. करीमभाईंना जास्तच चेव चढला. बोलता बोलता ते म्हणाले, "तेरे को घोडे पे बैठना आता था कब? तू तो बकरी पे भी नहीं बैठा!" हे वाक्य नेहमीच्या भांडणात नव्हतं. रतनसा खरोखर चिडले. आवाज चढले, रस्त्यावरची माणसं चौकात शिरली, कुणीतरी सोडवासोडव करायला लागलं. वर यशोदेने उठून खिडकी लावून घेतली.

दुसरा प्रयोग कापडाचा. मन जड झालं की रतनसा दुकानातले सगळे तागे उलगडून पुन्हा घड्या घालत. त्यांनी माझ्याकरवी वीस-एक लुगडी वर पाठवली. "सांगा, निवडून द्या. गिऱ्हाइकाले पाह्यजे." यशोदेने एकेक उलगडून, झटकून, पुन्हा घडी घातली आणि सगळी परत पाठवली. निवडलं एकही नाही. घड्या मात्र दुकानातल्यांपेक्षा सुबक होत्या. रतनसा त्या घड्यांकडे पाहतच राहिले.

तिसऱ्या दिवशी ते स्वतः पूर्ण सरंजामात चौकाच्या मधोमध येऊन उभे राहिले. फेटा, कोट, छत्री, सगळं. मला वाटतं, तिला हसू यावं एवढाच हेतू असावा. छत्री एकदा उघडली, एकदा मिटली. यशोदा धुणं घेऊन जिना उतरत होती. तिने डोईवरचा पदर पुढे ओढला, वाकून वाट सोडली, आणि शेठजी लग्नाला निघालेत असं समजून बाजूला उभी राहिली. रतनसांना चौकातून निघून जाणं भाग पडलं. गेले ते थेट करीमभाईंच्या दुकानात, आणि तिथे बांगड्यांच्या पेट्यांमध्ये चांदीच्या बटणांसकट बसून राहिले.

संध्याकाळी मला म्हणाले, "माह्यावालं औषध माह्यापुरतंच हाय वाट्टे, मास्तर."

त्यानंतरचे काही दिवस ते गप्प होते. फेटा नाही, भांडण नाही. करीमभाईंनी दोनदा घोड्याची आठवण काढून पाहिली, पण समोरून उत्तर आलं नाही. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, मेरा दोस्त बिघड गया. इसको कुछ हुआ है." मला माडीवरचीच काळजी पुरेशी होती. खालची कुठे वाहणार?

आणि मग एक शनिवार आला. सकाळची शाळा, त्यामुळे दुपारी बाराला घरी पोचलो. बोळातून चौकात पाऊल टाकणार, तेवढ्यात रतनसांचा आवाज आला. औषध सांगायचा आवाज नव्हता तो. मी बोळातच थांबलो.

रतनसा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते, जिन्याकडे पाठ करून, तोंड चौकाकडे. वरच्या पायरीवर यशोदा होती. भिंतीला टेकलेली, पदर डोक्यावरून ओढलेला, मांडीवर निवडायला घेतलेलं डाळीचं सूप. एकमेकांकडे कुणी पाहत नव्हतं. दोघं चौकाशी बोलत होती म्हणा ना.

"सारे म्हनत, इसरा शेठ," रतनसा सांगत होते. "कसं इसराव, हे कोनी नाही सांगतलं."

वर सूप थांबलं.

"मास्तरीनबाई, एक इचारू काय? राग नोका मानू." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पोरीचं नाव काय ठेवलं होतं?"

मला पुढे होऊन सांगावंसं वाटलं की शेठजी, बारसंच झालं नाही, नाव कुठून ठेवणार? पण पाय उचलला नाही.

"बारसं नव्हतं झालं," यशोदा म्हणाली.

"ते मालूम हाय मले."

बाहेर करीमभाई कुणा बाईला सांगत होते की ह्या बांगड्या फिरोजाबादच्या आहेत, सहज फुटणार नाहीत.

"मनात ठेवलं होतं," यशोदा म्हणाली.

"कोनतं?"

"मैना."

माझ्या मुलीचं नाव मी त्या बोळात उभा राहून पहिल्यांदा ऐकलं.

"मैना," रतनसा म्हणाले. कापडाचा पोत बोटांनी बघावा तसं त्यांनी ते नाव उच्चारलं. "चांगलं नाव हाय. कशी होती?"

आणि यशोदा बोलायला लागली. इतक्या दिवसांत कुणी हे विचारलंच नव्हतं. केस दाट होते म्हणाली, मागे मानेवर उतरलेले. एक कान जरासा दुमडलेला होता, रोज तेल लावून सरळ करत होते. बोट दिलं की अशी मूठ आवळायची, की सोडवता येत नव्हती. रडायची कमी. उजेडाकडे बघायची. हे सांगता सांगता तिचा आवाज फुटला. सूप मांडीवरून घसरलं, डाळ पायऱ्यांवरून खाली रतनसांपर्यंत सांडत आली, आणि ती रडू लागली. आई आली तेव्हा, शेजारणी आल्या तेव्हा, स्मशानातून माणसं परतली तेव्हा, कधीच रडली नव्हती ती.

रतनसांनी मागे वळून पाहिलं नाही. 'रडू नका' म्हणाले नाहीत. उठलेही नाहीत. पायरीवर आलेली डाळ एकेक दाणा वेचून तळहातावर घेत बसले.

पुष्कळ वेळाने यशोदेने डोळे पुसले आणि तिनेच विचारलं, "तुमची केवढी होती, शेठजी?"

तेव्हा मला कळलं की रतनसांना मुलगी होती. त्यांच्या घरात राहून मला ते माहीत नव्हतं. यशोदेला ते मी यायच्या आधीच सांगून झालं असावं.

"चालाले लागली होती," रतनसा म्हणाले. "दोन पावलं चाले, पडे, आन सोताच हासे. भिंतीची माती खाये. तिची माय मारे, तं माह्या धोतरात लपे. राजुल नाव." त्यांनी तळहातावरचे दाणे मुठीत घेतले. "मायलेकी एकाच हप्त्यात गेल्या. मायचं नाव घेतात लोक. तिच्या आठवनीनं देवळात घंटा बांधली, मोठी मानसं येऊन बसली, बोलली. पोरीचं कोनी घेत नाही. लहान होती ना. लोकाईले वाट्टे, दुःख बी लहानच असन."

यशोदा उठली. आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली. जैन माणूस आपल्या हातचं घेईल की नाही, असा विचार मनात आला असावा, कारण मध्येच थबकून म्हणाली, "फडक्यातून गाळून आनलं."

रतनसांनी डाळीची मूठ तशीच मिटून दुसऱ्या हाताने तांब्या घेतला. वरून धार धरून सगळं पाणी प्यायले. तोंड पुसलं, तांब्या पायरीवर ठेवला, आणि मुठीतली डाळ उंचावून तिच्या सुपात टाकली.

"मास्तरीनबाई," ते म्हणाले, "या घरात बाईमानसाच्या तोंडून तिचं नाव लय साल झाले, आलं नाही. मी घेतो मनात. पन ते माह्याच आवाजात ऐकू येते." जोड्यांकडे पाहत म्हणाले, "एकडाव घ्या ना. तिच्या मायवानी. जोऱ्यानं."

परक्या वडीलधाऱ्या पुरुषासमोर यशोदा कधी मोठ्याने बोललेली नव्हती. तिने पदर सारखा केला. चौकाच्या पलीकडे रतनसांचं दार उघडं होतं, आत अंधार होता. त्या दाराकडे पाहून तिने हाक मारली.

"राजुल! ए राजुल!"

रतनसांनी मान वर केली, आणि दाराकडे बघत राहिले.